गाडीच्या मीटरमधले बल्ब काढून एलईडी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. १९९८ची एक मारुती झेन घरात आहे. तिच्या मीटरचा उजेड इतका मेला होता की रात्री वेग बघायला मोबाइलचा टॉर्च मारावा लागायचा. तिथून हे खूळ लागलं. मग नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्याही उघडून झाल्या. त्या काळात लोकांनी विचारलेले, आणि काही मी स्वतःलाच विचारलेले, प्रश्न इथे आहेत.

यात नेमकं काय बदलायचं असतं?

स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा, टेंपरेचरचा काटा आणि इशाऱ्याचे छोटे दिवे एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेले असतात. बोलताना आपण त्या सगळ्यालाच ‘मीटर’ म्हणतो. जुन्या गाड्यांत या डब्याच्या पाठीमागे छोटे बल्ब होल्डरसकट फिरवून बसवलेले असतात. काही बल्ब आकडे आणि काटे उजळवतात, बाकीचे इशाऱ्याचे असतात: ऑइल, चार्जिंग, हँडब्रेक, अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत), इंडिकेटर. आपला संबंध मुख्यतः पहिल्या गटाशी. दुसऱ्या गटाबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. घाई असेल तर बाकी काही वाचू नका, पण तेवढं वाचा.

माझ्या गाडीत हे होईल का?

मारुती ८००, जुनी झेन, एस्टीम किंवा त्या पिढीतली कुठलीही गाडी असेल तर बहुधा होईल. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच एलईडी सर्किट बोर्डवर सोल्डर केलेले असतात. तिथे बल्ब नसतोच, त्यामुळे काम सोल्डरिंगचं होतं. मीटरच्या जागी पूर्ण स्क्रीन असेल तर हा विषय तुमच्यासाठी नाही.

बल्ब काय वाईट आहे? दिसतंय की.

वाईट काहीच नाही. माझ्या गाडीत तर अर्धा दोष बल्बचा नव्हताच. पंचवीस वर्षांत बल्बची काच आतून काळी पडली होती आणि डब्याच्या आतल्या पांढऱ्या रंगावर धूळ बसून तो मातकट झाला होता. आधी आतून पुसून घेतलं आणि नवे साधे बल्ब लावले, तेव्हाच निम्मा फरक पडला. असा बल्ब वडापावच्या भावात मिळतो. जुना पिवळसर उजेड आवडत असेल तर इथेच थांबायला हरकत नाही.

एलईडीचे खरे फायदे दोन. ५ वॉटच्या बल्बच्या जागी अर्ध्या वॉटच्या आसपासचा एलईडी पुरतो, त्यामुळे प्लॅस्टिक तापत नाही. जुन्या मीटरमध्ये बल्बच्या मागे करपलेला तपकिरी डाग दिसतो तो याच तापाचा. दुसरं म्हणजे फिलामेंट नसल्यामुळे खड्ड्यांनी तुटायचं काही उरत नाही. बॅटरी वाचते वगैरे म्हणतात, पण हेडलाइटच्या ५५-६० वॉटपुढे ही बचत किरकोळ आहे.

कोणता रंग घ्यावा? निळा भारी दिसतो.

दुकानात भारी दिसतो. घाटात नाही.

आधी डोळ्याचं बघू. अंधारात आपण ज्या पेशींनी पाहतो त्या साधारण ५०० नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात आणि लाल उजेडाला सगळ्यात कमी. म्हणून मीटरमधला निळा उजेड डोळ्याची अंधाराची सवय मोडतो, तर तेवढाच लाल किंवा केशरी उजेड तिला फारसा धक्का लावत नाही. मी पहिल्यांदा निळे लावले होते. शहरात आठवडाभर मिरवलो. मग रात्री पाऊस आणि धुक्यात ताम्हिणी घाट उतरताना समोरच्या काचेवर मीटरचं निळं भूत तरंगायला लागलं, आणि मी मीटरवर रुमाल टाकून गाडी चालवली. दुसऱ्या दिवशी ते काढले.

मग काट्याचं. बऱ्याच मीटरमध्ये काटा केशरी असतो आणि मागून येणारा उजेड त्या रंगातून गाळून आपल्याकडे येतो. निळ्या एलईडीच्या उजेडात लाल-केशरी अंश नसतोच, त्यामुळे आकडे झगमगतात आणि काटा मात्र काळपट पडतो. रंग फ्लुरोसंट असेल तर काटा उजळतो, पण नेहमी तसं नशीब नसतं. वेग दाखवायचं काम काट्याचं, आणि तोच दिसेनासा झाला तर उपयोग काय?

तिसरी गोष्ट फिल्टरची. कंपनीचा हिरवा उजेड दोन प्रकारे येतो. एक तर बल्बवर हिरवी रबरी टोपी असते, नाहीतर डायलच्या मागे हिरवा रंग छापलेला असतो. टोपी काढता येते, छापलेला रंग काढता येत नाही. हिरव्या फिल्टरमागे लाल एलईडी लावलात तर जवळपास अंधार. फिल्टर ज्या रंगाचा, त्याच रंगाचा एलईडी सगळ्यात उजळ दिसतो. पांढराही चालतो, पण छटा बदलते. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर फॉस्फरचा पिवळसर लेप, आणि त्याच्या उजेडात निळ्या आणि हिरव्याच्या मधला भाग तोकडा असतो. म्हणून मोरपंखी फिल्टरमागे कंपनीची ती जुनी छटा तंतोतंत येत नाही.

माझं मत विचाराल तर ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार पांढरा घ्या. काटा केशरी राहतो, डोळा शांत राहतो. ६००० केल्विनच्या पुढचा, म्हणजे निळसर पांढरा, घेऊ नका.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे झेन आली १९९३ साली, आणि जपानमध्ये शूजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी जगापुढे आणला तोही १९९३ सालीच. २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल नाकामुरा, अकासाकी आणि अमानो या तिघांना मिळालं ते निळ्या एलईडीसाठी. निळ्याशिवाय पांढरा झाला नसता. म्हणजे झेन पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात लावण्याजोगा पांढरा एलईडी बाजारात नव्हताच.

कोणत्या मापाचे बल्ब लागतात?

पाय नसलेले, चपट्या काचेच्या बुडाचे बल्ब दोन मापांत येतात. मोठा टी१०, ३ ते ५ वॉटचा. छोटा टी५, बहुतेक १.२ वॉटचा. आकडा म्हणजे काचेची जाडी, साधारण मिलिमीटरमध्ये. मोठा अंगठ्याच्या नखाएवढा रुंद, छोटा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. काही गाड्यांत बल्ब आणि होल्डर एकच, न सुटणारा तुकडा असतो. तिथे पूर्ण तुकडाच बदलावा लागतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एक बल्ब काढून खिशात टाका आणि दुकानात जा. पुण्यात गाडीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ, इलेक्ट्रॉनिक्ससाठी पासोड्या विठोबाचा परिसर. मुंबईत लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन घेतलात तर गरजेपेक्षा दोन-चार जास्त घ्या. स्वस्त पाकिटात एखादा मुका निघतोच, आणि सगळ्यांची छटा सारखी असेलच असं नाही.

मीटर बाहेर कसा काढायचा?

आधी दोन फोटो काढा, एक किलोमीटरच्या आकड्यांचा आणि एक इंजिन चालू असताना काटे कुठे आहेत त्याचा. नंतर तुलनेला लागतात.

दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. एअरबॅग असेल तर तार सोडल्यावर काही मिनिटं थांबा, आणि स्टिअरिंगच्या पिवळ्या कपलरला हात लावू नका.

मीटरभोवतीची चौकट बहुतेक वेळा वरच्या कडेला, आतून दिसणाऱ्या दोन-तीन स्क्रूंवर असते. ते काढल्यावर ती फक्त प्लॅस्टिकच्या लॉकवर राहते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं जुनं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं, म्हणून मी हे काम थंडीत पहाटे नाही आणि मेच्या दुपारीही नाही, संध्याकाळी करतो. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळलं की छान काम होतं. स्टिअरिंग खाली घेता येत असेल तर पूर्ण खाली घ्या.

चौकट निघाली की मीटर तीन-चार स्क्रूंवर उरतो. तो थोडा पुढे ओढा, पण पूर्ण ओढू नका. जुन्या गाड्यांत मागे स्पीडोमीटरची केबल असते. तिचं लॉक बोटाने चाचपून दाबायचं आणि मग ती सुटते. हात आत जात नाही, दिसत काही नाही, आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. बॉनेटखाली गिअरबॉक्सपाशी केबल थोडी आत ढकलली तर मीटरकडे दोन-तीन बोटं सैल मिळतात. मग वायरींचे कपलर काढा. धरायचं ते कपलरला, वायरींना नाही.

टेबलावर जाड टॉवेल टाकून मीटर त्यावर ठेवा. उपडा करून तासन्‌तास ठेवू नका, काही काट्यांच्या आत झटके शोषायला दाट सिलिकॉन असतं. पाठीमागे केशरी किंवा निळसर पारदर्शक पट्टी दिसेल. तेच सर्किट. तिच्यावर तांब्याच्या रेषा असतात आणि ती कागदासारखी फाटते. होल्डर पाव वळसा डावीकडे फिरवला की निघतो, आणि फिरवताना ही पट्टी ओढली जाणार नाही याकडे लक्ष ठेवा.

एलईडी लावला, पेटत नाही. खराब आहे का?

बहुधा उलटा बसलाय. बल्बला प्लस-मायनसचं काही नसतं, एलईडीला असतं. होल्डरमधून काढा, अर्धा वळसा फिरवून पुन्हा घाला. तरीही पेटला नाही तर पायांच्या तारा होल्डरच्या पत्र्याला टेकतात का ते बघा. एलईडीचं बूड काचेच्या बुडापेक्षा बारीक असलं तर तो सैल बसतो, तेव्हा तारा चिमट्याने किंचित फाकवायच्या.

म्हणूनच मीटर बसवण्याआधी तपासा. नुसता कपलर जोडा, बॅटरीची तार लावा, चावी न फिरवता पार्किंग लाइट लावा. मीटरचा उजेड त्याच्यासोबत लागतो. सगळे पेटले की मग स्क्रू. मी एकदा आधी स्क्रू लावले आणि मग पार्किंग लाइट लावून पाहिला. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

उजेड ठिपक्याठिपक्यांनी येतो. ४० आणि ८० चमकतात, ६० अंधारात.

बल्ब चहूकडे उजेड टाकतो. समोर एकच चिप असलेला एलईडी टॉर्चसारखा एका दिशेला मारतो. चारी बाजूंनी चिप असलेले घ्या, म्हणजे उजेड डब्याच्या पांढऱ्या भिंतींवर आपटून पसरतो. ते मिळाले नाहीत तर गोल डोक्याचा एलईडी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून त्याचं डोकं दुधाळ करा. घरगुती उपाय आहे, पण लागू पडतो. आतली पांढरी भिंत मळलेली असेल तर ओल्या कापडाने पुसा. डायलच्या पुढच्या काळ्या भागाला मात्र बोट लावू नका, बोटाचा ठसा त्यावर कायमचा राहतो. आणि पुढची पारदर्शक काच ही काच नसून प्लॅस्टिक आहे. थिनर किंवा पेट्रोल लावलंत तर ती पांढरी पडेल.

उजेड कमी-जास्त करायची चकती आता काम करत नाही.

जुन्या गाड्यांत ती चकती म्हणजे बल्बच्या मालिकेत जोडलेला बदलता रेझिस्टर. बल्ब भरपूर करंट ओढतात, म्हणून तिच्यावर व्होल्टेज पडतं आणि उजेड कमी होतो. एलईडी इतका कमी करंट घेतात की तिच्यावर काही पडतच नाही. अशा वेळी एक साधा बल्ब तसाच ठेवला की चकती थोडी काम करते. ज्या गाड्यांत उजेड अतिवेगाने चालू-बंद करून कमी केला जातो तिथे एलईडीही नीट मंद होतात.

चकती नसेल तर मुळातच कमी उजेडाचे एलईडी घ्या. टेबलावर ट्यूबलाइटखाली ‘ठीक’ वाटणारा उजेड रात्री हायवेवर दुप्पट वाटतो.

इशाऱ्याचे दिवेही बदलू का?

नको. त्यातही चार्जिंगचा दिवा, म्हणजे बॅटरीचं चित्र असलेला, अजिबात नको.

अनेक जुन्या गाड्यांत तो बल्ब नुसता दिवा नसतो. चावी फिरवली की बॅटरीचा करंट त्याच्यातून अल्टरनेटरच्या फिरत्या कॉइलमध्ये जातो आणि तिच्यात पहिलं चुंबकत्व तयार होतं. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर स्वतःची वीज करतो, बल्बच्या दोन्ही टोकांना सारखं व्होल्टेज येतं आणि बल्ब विझतो. ३ वॉटचा बल्ब पाव अँपिअर करंट पुढे देतो. एलईडी देतो १०-२० मिलिअँपिअर. तेवढ्यात कॉइल जागी होईलच असं नाही.

हे मी मामांच्या जुन्या डिझेल जीपवर शिकलो. उत्साहात सगळे दिवे बदलले. इंजिन सुरू झाल्यावर चार्जिंगचा दिवा विझेना. मी म्हटलं, ‘मामा, एलईडी आहे, जरासा करंट मिळाला तरी पेटतो.’ मामांनी मान डोलावली. रात्री पसरणी घाट उतरून वाईत आलो तोवर हेडलाइट निरांजनाएवढे झाले होते. डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागत नाही, म्हणून जीप पळत होती. चहाला थांबलो, मामांनी सवयीने इंजिन बंद केलं, आणि मग सेल्फ फक्त ‘टक्’ म्हणाला. ढकलायला मी आणि चहावाल्याचा पोरगा. मामा स्टिअरिंगवरून उतरले नाहीत.

एलईडीला समांतर रेझिस्टर लावून हे सुधारता येतं. ३ वॉटच्या बल्बसाठी १२ व्होल्टला हिशेब ४८ ओहम येतो, म्हणून ४७ ओहम आणि ५ वॉटचा लावायचा. पण तो बल्बइतकाच तापतो. मग बल्बनेच काय घोडं मारलं होतं?

एअरबॅग आणि एबीएसचे दिवेही सोडा. काही गाड्यांत कंट्रोल युनिट तो बल्ब जागेवर आहे का हे तपासतं आणि एलईडीला ‘बल्ब गेला’ समजतं. रंगाशी तर खेळूच नका. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे चालू, निळा म्हणजे अप्पर, हे संकेत जगभर सारखे आहेत. लाल फिल्टरमागे थंड पांढरा एलईडी लावला की ऑइलचा दिवा गुलाबी दिसतो, आणि गुलाबी दिव्याला कोणी घाबरत नाही.

इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागेल का?

मीटरमधल्या बल्बमुळे सहसा नाही. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा रिले, मोजतो तो बाहेरच्या २१ वॉटच्या बल्बांचा करंट. पण दोन्ही बाजूंना मिळून मीटरमध्ये एकच बाण असेल तर डावीकडे वळताना करंट एका दिशेने आणि उजवीकडे वळताना उलट वाहतो. तिथे साधा एलईडी एकाच बाजूला पेटेल.

दिवे बंद केले तरी एलईडी मिणमिणतो.

स्विच किंवा इलेक्ट्रॉनिक युनिटमधून झिरपणारा किरकोळ करंट. बल्ब त्याने पेटत नाही, एलईडी पेटतो. समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की बहुधा जातो.

तयार न घेता सुटा एलईडी आणि रेझिस्टर घेऊन केलं तर?

उत्तम, आणि उजेडही आपल्या हातात राहतो. फक्त हिशेब १२ व्होल्टवर करू नका. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्टपर्यंत असतं. पांढरा एलईडी ३.२ व्होल्ट घेतो, उरले ११.२. त्याला १५ मिलिअँपिअर द्यायचे तर सुमारे ७५० ओहम. लाल घेतो २ व्होल्टच्या आसपास, म्हणून ८२० ओहम. रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घ्या, पाव वॉटचा बंद डब्यात विनाकारण तापतो. मी शेवटी १.५ किलोओहमवर स्थिरावलो. उजेड निम्मा झाला आणि तोच बरोबर वाटला.

बोर्डवर सोल्डर केलेले एलईडी बदलता येतात का?

सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तरच. कोपरा कापलेली बाजू सहसा मायनस असते, तरी काढण्याआधी मल्टीमीटरने खात्री करा. दोन सोल्डरिंग आयर्न दोन्ही टोकांना एकदम लावले तर एलईडी अलगद उचलता येतो. एकाने खेचाखेची केली तर बोर्डचं तांबं उपटून येतं. रंग बदलण्याआधी हेही बघा की तीन-चार एलईडी मालिकेत आहेत का. चार लाल मिळून ८ व्होल्ट घेतात, त्या जागी चार निळे लावले तर १२.८ लागतील. बॅटरीवर ते पेटणारच नाहीत, किंवा इंजिन चालू झाल्यावर कसेबसे पेटतील.

काटे काढून त्यांच्याखालची आकड्यांची तबकडी बदलायची आहे.

काटा एका बारीक दांडीवर दाबून बसवलेला असतो. एकदा काढला की त्याच जागी परत बसणं कठीण. ८० वर असताना ७० दाखवणारी गाडी मी पाहिली आहे. मी काटे काढत नाही.

आरटीओचा त्रास होईल का? वॉरंटी?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ते नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल अशा बदलांबद्दल. मीटरमागच्या बल्बची नोंद आरसीवर नसते. बाहेरच्या दिव्यांचं मात्र वेगळं आहे, ही सवलत तिकडे लावू नका. वॉरंटीतल्या गाडीचं मीटर उघडू नका. पुढे वायरिंगचं काहीही झालं तरी बोट तुमच्याकडेच येईल.

किती वेळ लागतो?

पहिल्यांदा अर्धा दिवस, त्यातला तासभर हरवलेला स्क्रू शोधण्यात. दुसऱ्यांदा दीड तास. स्क्रू चहाच्या बशीत ठेवा, मॅटवर नाही.

काढलेले जुने बल्ब टाकून देऊ?

नाही. औषधाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवा, वर ‘मीटर’ असं लिहा आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका. माझ्या डबीत सहा होते. आता पाच आहेत. एक मामांच्या जीपमध्ये, बॅटरीच्या चित्रामागे आहे.